नौरू

नौरू हा प्रशांत महासागराच्या मायक्रोनेशिया विभागातील एक द्वीप-देश आहे. सुमारे २१ चौ. किमी क्षेत्रफळाचे एकच बेट म्हणजे हा संपूर्ण देश होय. क्षेत्रफळानुसार व्हॅटिकन सिटी व मोनॅको यांच्यानंतर नौरू हा जगातील तिसरा सर्वांत लहान देश असून द्वीप-देशांमध्ये व प्रजासत्ताकांमध्ये तो सर्वांत लहान आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ११,७०० होती. देशाला अधिकृत राजधानी नाही; संसद, बहुतेक शासकीय कार्यालये व विमानतळ बेटाच्या दक्षिणेकडील यारेन जिल्ह्यात आहेत. नौरूवी व इंग्लिश या भाषा प्रचलित असून ऑस्ट्रेलियन डॉलर हे चलन वापरले जाते.

नौरूचा आधुनिक इतिहास बेटाच्या मध्यभागी सापडलेल्या उच्च प्रतीच्या फॉस्फेटशी निगडित आहे. १९०७ पासून परकीय सत्तांनी व १९७० नंतर नौरूच्या स्वतःच्या शासनाने हे खनिज खणून निर्यात केले. या खनिजामुळे देशाला काही काळ मोठी संपन्नता लाभली. मात्र त्याच उत्खननामुळे बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग वस्ती व शेती यांसाठी निरुपयोगी झाला.

नाव

स्थानिक भाषेत देशाचे नाव 'नाओएरो' असे आहे. १७९८ मध्ये येथे आलेल्या ब्रिटिश दर्यावर्द्यांनी बेटाला 'रम्य बेट' या अर्थाचे इंग्लिश नाव दिले व एकोणिसाव्या शतकात युरोपीय नकाशांवर तेच रूढ होते. जर्मन कारकिर्दीत 'नावोडो' हे रूपही वापरात होते.

भूगोल

नौरू विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ५६ किमी अंतरावर आहे. किरिबाटी देशातील बनाबा हे सर्वांत जवळचे बेट पूर्वेस सुमारे ३०० किमी दूर आहे. लंबवर्तुळाकार बेटाभोवती प्रवाळभित्तीचे कडे असून ओहोटीच्या वेळी ते उघडे पडते. या कड्यामुळे येथे नैसर्गिक बंदर निर्माण झाले नाही. मोठी जहाजे कड्याबाहेरच खोल पाण्यात थांबत व किनाऱ्यावरून समुद्रावर झुकलेल्या पोलादी यंत्रांद्वारे त्यांत फॉस्फेट भरले जाई.

बेटाचे दोन ठळक भाग पडतात. किनाऱ्यालगतची साधारणतः १५० ते ३०० मीटर रुंदीची सपाट पट्टी सुपीक असून जवळजवळ संपूर्ण लोकवस्ती तीवरच आहे. या पट्टीमागे प्रवाळी चुनखडीचा कडा चढून गेल्यावर मधले पठार लागते. पठाराचा सर्वोच्च भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६५ ते ७० मीटर उंच आहे. चुनखडीच्या सुळक्यांमधील खोलगट जागांत फॉस्फेटचे थर साचलेले होते. हे फॉस्फेट दीर्घ भूवैज्ञानिक काळात समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून तयार झाले असावे, असे सामान्यतः मानले जाते. फॉस्फेट काढून घेतल्यानंतर उघडे पडलेले, काही ठिकाणी १५ मीटरपर्यंत उंचीचे करडे सुळके हे पठाराचे आजचे रूप आहे.

बेटावर नदी नाही. नैर्ऋत्येकडील बुआडा हे गोड्या ते मचूळ पाण्याचे सरोवर असून त्याभोवतीची जमीन सुपीक आहे. पर्जन्यमान वार्षिक सरासरी सुमारे २,००० मिमी असले तरी ते अत्यंत अनियमित असून काही वर्षी तीव्र अवर्षण पडते. पिण्याच्या पाण्यासाठी पावसाचे साठवलेले पाणी व समुद्राचे पाणी गोडे करणारी संयंत्रे यांवर अवलंबून राहावे लागते.

नारळ, केवड्याच्या कुळातील झाडे आणि उंडी ही येथील प्रमुख वनस्पती होत. उंडीचे फूल नौरूच्या राष्ट्रचिन्हावर आहे. नौरूचा वटवट्या हा लहान पक्षी या बेटाखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही.

इतिहास

प्रारंभिक काळ

सुमारे ३,००० वर्षांपूर्वी मायक्रोनेशियन लोक नौरूवर येऊन स्थायिक झाले, असे मानले जाते. त्यांचा समाज बारा कुळांत विभागलेला होता व अपत्याचे कूळ आईकडून ठरत असे. राष्ट्रध्वजावरील पांढऱ्या ताऱ्याची बारा टोके या बारा कुळांची निदर्शक आहेत. समुद्रातून मिल्कफिश माशांची पिल्ले पकडून ती बुआडा सरोवरात वाढवण्याची पद्धत येथे होती; त्यामुळे समुद्र खवळलेला असतानाही अन्नाची सोय होत असे.

१७९८ मध्ये जॉन फर्न या ब्रिटिश कप्तानाने हे बेट पाहिल्याची नोंद आहे. १८३० च्या दशकापासून देवमाशांची शिकार करणारी जहाजे पाणी व अन्न घेण्यासाठी येथे थांबू लागली. त्यांच्याबरोबर बंदुका व मद्य बेटावर आले. १८७८ मध्ये सुरू झालेले कुळांमधील यादवी युद्ध दहा वर्षे चालले व त्यात सुमारे १,४०० लोकसंख्येपैकी जवळजवळ एक-तृतीयांश घट झाली. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेऊन शस्त्रे जप्त केली व नौरू मार्शल बेटांच्या जर्मन प्रशासनाला जोडले.

फॉस्फेटचा शोध व विश्वस्त राजवट

नौरूहून नेलेला एक दगड सिडनी येथील एका व्यापारी कंपनीच्या कार्यालयात दार अडवण्यासाठी वापरला जात होता. तेथे काम करणाऱ्या आल्बर्ट एलिस यांनी १८९९ मध्ये त्याची रासायनिक तपासणी केली असता तो उच्च प्रतीचा फॉस्फेट असल्याचे आढळले. १९०० मध्ये बेटावरील साठ्यांची खात्री पटली. जर्मनीशी झालेल्या करारान्वये पॅसिफिक फॉस्फेट कंपनीने १९०६ मध्ये काम सुरू केले व १९०७ मध्ये पहिली निर्यात झाली. मजूर प्रामुख्याने चीनमधून व कॅरोलाइन बेटांसारख्या इतर प्रशांत बेटांतून आणले जात. ज्या नौरूवी कुटुंबांच्या जमिनी खणल्या गेल्या, त्यांना सुरुवातीच्या काळात टनामागे सुमारे अर्धा पेनी एवढाच मोबदला मिळत असे.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाने नौरू जिंकले. १९१९ च्या करारान्वये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी ब्रिटिश फॉस्फेट आयोग स्थापन केला. आयोगाने जुन्या कंपनीचे हक्क ३५ लाख पौंडांना विकत घेतले आणि उत्पादनाची वाटणी तीन देशांत अनुक्रमे ४२, ४२ व १६ टक्के अशी ठरली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने नौरूचा कारभार या तीन देशांकडे विश्वस्त म्हणून सोपवला. प्रत्यक्ष प्रशासन ऑस्ट्रेलियाकडे राहिले. आयोग फॉस्फेट बाजारभावाने न विकता जवळपास उत्पादन खर्चाच्या किमतीला भागीदार देशांना पुरवत असे. परिणामी तेथील शेतकऱ्यांना स्वस्त खत मिळाले, परंतु खनिजाच्या खऱ्या मूल्याचा लाभ नौरूच्या रहिवाशांना मिळाला नाही.

१९२० च्या इन्फ्लुएन्झा साथीत अनेक नौरूवी मृत्युमुखी पडले. समाज टिकून राहण्यासाठी लोकसंख्या किमान १,५०० असली पाहिजे, असा विचार त्यानंतर पुढे आला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी जन्मलेल्या एका मुलीमुळे हा आकडा गाठला गेला. हा दिवस 'आंगाम दिन' म्हणून आजही राष्ट्रीय सण आहे.

दुसरे महायुद्ध

डिसेंबर १९४० मध्ये जर्मन युद्धनौकांनी नौरूजवळ फॉस्फेटची जहाजे बुडवली व बेटावरील यंत्रसामग्रीवर तोफा डागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट ताब्यात घेतले व तेथे धावपट्टी बांधली. जपानी अधिकाऱ्यांनी ३९ कुष्ठरुग्णांना नावेत बसवून समुद्रात बुडवून मारले. सुमारे १,२०० नौरूवी लोकांना ट्रुक (आताचे चूक) बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. उपासमार, रोगराई व बॉम्बहल्ले यांत त्यांपैकी शेकडो लोक मरण पावले. वाचलेले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी मायदेशी परतले. लोकसंख्या पुन्हा १,५०० वर येण्यास १९४९ साल उजाडले.

स्वातंत्र्य

१९४७ मध्ये नौरू संयुक्त राष्ट्रसंघाचा विश्वस्त प्रदेश झाला. उत्खनन याच गतीने सुरू राहिल्यास शतकाअखेरीस बेट राहण्यायोग्य उरणार नाही, हे १९५० व १९६० च्या दशकांत स्पष्ट होऊ लागले. ऑस्ट्रेलियाने संपूर्ण नौरूवी समाजाला क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेटावर वसवण्याचा प्रस्ताव मांडला. तेथे स्वतंत्र राष्ट्र म्हणून राहता येणार नव्हते. म्हणून नौरूवी नेत्यांनी १९६४ मध्ये तो नाकारला.

हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वाटाघाटींनंतर १९६७ मध्ये फॉस्फेट उद्योग सुमारे २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेण्याचा करार झाला. ३१ जानेवारी १९६८ रोजी नौरू स्वतंत्र झाले. ट्रुकहून लोक परतले, तीच तारीख स्वातंत्र्यासाठी जाणीवपूर्वक निवडण्यात आली. डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९७० मध्ये उद्योगाचा पूर्ण ताबा नौरू फॉस्फेट महामंडळाकडे आला.

संपन्नता व आर्थिक घसरण

१९७० च्या दशकात व १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात नौरूचे दरडोई उत्पन्न जगातील सर्वोच्च देशांच्या बरोबरीचे होते. प्राप्तिकर नव्हता, शिक्षण व वैद्यकीय उपचार मोफत होते. साठे संपल्यानंतरच्या पिढ्यांची सोय व्हावी म्हणून उत्पन्नाचा काही भाग एका न्यासात गुंतवण्यात आला व १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यासाची मालमत्ता एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक होती. मेलबर्न येथे १९७७ मध्ये उभारलेली ५२ मजली 'नौरू हाउस' ही इमारत या गुंतवणुकीचे प्रतीक ठरली.

मात्र फसलेल्या गुंतवणुकी, तोट्यातील राष्ट्रीय विमान कंपनी, भ्रष्टाचार आणि अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी न्यासाच्या मालमत्तेवर काढलेली कर्जे यांमुळे ही पुंजी आटत गेली. न्यासाने लंडनमधील एका संगीतनाट्यासही अर्थसाहाय्य केले होते. १९९३ मध्ये रंगमंचावर आलेले ते नाटक अल्पावधीतच बंद पडले. फॉस्फेटचे मुख्य साठे संपत आले, तेव्हा देशाकडे उत्पन्नाचे दुसरे साधन उरले नव्हते. २००४ मध्ये कर्जफेडीसाठी नौरू हाउस विकावे लागले.

भूमीच्या पुनर्वसनाचा दावा

स्वातंत्र्यापूर्वी खणलेली जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न १९६० च्या दशकातील वाटाघाटींतच उपस्थित झाला होता. तिन्ही विश्वस्त देशांनी ती नाकारली होती. १९८० च्या दशकात नौरूने श्रीलंकेचे विधिज्ञ सी. जी. वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाच्या निष्कर्षांच्या आधारे नौरूने मे १९८९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. १ जुलै १९६७ पूर्वी खणलेल्या जमिनींची हानी भरून देणे हे विश्वस्त सत्तेचे कर्तव्य होते, असे नौरूचे म्हणणे होते.

ब्रिटन व न्यूझीलंड पक्षकार नसल्याने दावा चालवता येणार नाही, यासह ऑस्ट्रेलियाने घेतलेले बहुतेक प्राथमिक आक्षेप न्यायालयाने जून १९९२ मध्ये फेटाळले. अंतिम निकालापूर्वी, ऑगस्ट १९९३ मध्ये, उभय देशांत तडजोड झाली. ऑस्ट्रेलियाने एकूण १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी ५ कोटी डॉलरची रक्कम वीस वर्षांत विभागून द्यावयाची होती. ब्रिटन व न्यूझीलंड यांनी प्रत्येकी १.२ कोटी डॉलरचा वाटा उचलला. विश्वस्त प्रदेशाने आपल्या माजी प्रशासकाकडे पर्यावरणीय हानीची जबाबदारी मागितल्याचे उदाहरण म्हणून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात या खटल्याला महत्त्व आहे. मात्र पठाराच्या फारच थोड्या भागाचे पुनर्वसन आजवर होऊ शकले आहे.

शासनव्यवस्था

नौरू हे संसदीय प्रजासत्ताक आहे. एकसदनी संसदेत १९ सदस्य असून त्यांची निवड तीन वर्षांसाठी आठ मतदारसंघांतून होते. संसद सदस्य आपल्यातून राष्ट्राध्यक्षाची निवड करतात. राष्ट्राध्यक्ष हाच राष्ट्रप्रमुख व शासनप्रमुख असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये डेव्हिड अडियांग राष्ट्राध्यक्ष झाले. राजकीय पक्षांचे महत्त्व कमी असून बहुतेक सदस्य अपक्ष असतात. त्यामुळे अविश्वास ठराव व सत्तांतरे वारंवार झाली आहेत. मतदार सर्व उमेदवारांना पसंतीक्रम देतात व पहिल्या पसंतीस एक, दुसऱ्या पसंतीस अर्धे, तिसऱ्या पसंतीस एक-तृतीयांश याप्रमाणे गुण मोजले जातात. ही पद्धत १९७१ पासून वापरात आहे. प्रशासनासाठी देशाचे १४ जिल्हे पाडले आहेत.

नौरूला सैन्य नाही. १९९९ मध्ये नौरू संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. चीन व तैवान यांच्यातील राजनैतिक चढाओढीत नौरूची भूमिका अनेकदा बदलली: २००२ मध्ये चीनला, २००५ मध्ये पुन्हा तैवानला व जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनला मान्यता देण्यात आली.

अर्थव्यवस्था

फॉस्फेटचे उत्पन्न घटल्यानंतर नौरूने वेगवेगळे मार्ग चोखाळले. १९९० च्या दशकात परकीय बँकांना केवळ नोंदणीपुरते परवाने देण्यात आले. त्यांचा उपयोग काळा पैसा पांढरा करण्यासाठी होत असल्याने २००० मध्ये नौरूचा समावेश आंतरराष्ट्रीय वित्तीय कृतिदलाच्या असहकारी देशांच्या यादीत झाला. कायद्यांत सुधारणा केल्यावर २००५ मध्ये हे नाव वगळण्यात आले.

२००१ मध्ये समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या आश्रयार्थींना आर्थिक मदतीच्या बदल्यात नौरूवर ठेवण्याचा करार झाला. ही छावणी २००८ मध्ये बंद झाली व २०१२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. छावणीतील परिस्थिती, विशेषतः बालकांचे मानसिक आरोग्य, यांवरून मानवाधिकार संघटनांनी कठोर टीका केली. दुसरीकडे, या व्यवस्थेतून मिळणारे शुल्क व रोजगार यांवर देशाचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले आहे.

उत्पन्नाचा दुसरा महत्त्वाचा स्रोत मासेमारीचे परवाने हा आहे. बेट लहान असले तरी नौरूचे अनन्य आर्थिक क्षेत्र तीन लाख चौ. किमीहून अधिक आहे. १९८२ च्या 'नौरू करारा'तून एकत्र आलेले प्रशांत महासागरातील आठ देश आपल्या जलक्षेत्रांतील ट्यूना मासेमारीचे नियमन करतात. परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे सदस्य देशांचे उत्पन्न लक्षणीय वाढले. फॉस्फेटच्या खालच्या थरांचे मर्यादित उत्खनन २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. २०१४ मध्ये देशात प्रथमच प्राप्तिकर लागू करण्यात आला.

खोल समुद्रतळावरील धातुयुक्त गोट्यांच्या खाणकामालाही नौरूचा पाठिंबा आहे. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने खाणकामाचे नियम दोन वर्षांत पूर्ण करावेत, यासाठी जून २०२१ मध्ये नौरूने संबंधित तरतुदीचा वापर केला. सागरी परिसंस्थेच्या हानीच्या भीतीने शेजारच्या काही प्रशांत देशांनी या खाणकामाला विरोध दर्शवला आहे.

समाज व संस्कृती

नौरूवी ही मायक्रोनेशियन गटातील भाषा आहे. जर्मन कारकिर्दीत आलेले मिशनरी फिलिप डेलापोर्ट यांनी तिच्यात बायबलचे भाषांतर केले. शासन व शिक्षण यांत इंग्लिशचा वापर अधिक होतो. बहुसंख्य लोक ख्रिश्चन आहेत. फ्रिगेट पक्षी पकडून माणसाळवणे हा पारंपरिक खेळ असून तो पक्षी राष्ट्रचिन्हावरही आहे. ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल व भारोत्तोलन हे लोकप्रिय खेळ आहेत. राष्ट्रकुल स्पर्धांत भारोत्तोलनाची सुवर्णपदके जिंकणारे मार्कस स्टीफन २००७ ते २०११ या काळात राष्ट्राध्यक्ष होते.

विसाव्या शतकात मासे, नारळ व केवड्याच्या फळांवर आधारलेल्या आहाराची जागा आयात केलेला पांढरा तांदूळ, मैदा, साखर व डबाबंद मांस यांनी घेतली. लागवडीयोग्य जमीन थोडी असल्याने ताजी फळे व भाज्या दुर्मीळ आणि महाग आहेत. स्थूलता व मधुमेह यांचे प्रमाण नौरूमध्ये जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे.

पर्यावरण व भवितव्य

हवामानबदलामुळे समुद्राची पातळी वाढत असताना नौरूची परिस्थिती इतर प्रवाळी द्वीप-देशांहून वेगळी आहे. तुवालू किंवा मार्शल बेटांना आश्रयासाठी उंच जमीनच नाही; नौरूकडे उंच पठार आहे, परंतु ते खाणकामाने उद्ध्वस्त झालेले आहे. घरे, विमानतळ, रुग्णालय व मुख्य रस्ता सखल किनारपट्टीवर असल्याने त्यांना धूप व भरतीच्या लाटांचा धोका संभवतो.

यावर उपाय म्हणून पठाराचा काही भाग सपाट करून तेथे टप्प्याटप्प्याने वस्ती, शेती व पाणीसाठे हलवण्याची योजना शासनाने आखली आहे. तिच्या निधीसाठी २०२५ मध्ये किमान १,०५,००० अमेरिकन डॉलरच्या मोबदल्यात परदेशी व्यक्तींना नागरिकत्व देण्याचा कार्यक्रम सुरू करण्यात आला. पठारावर जाऊन वसण्यासाठी आधी सुळके फोडणे, माती तयार करणे व पाण्याची सोय करणे आवश्यक आहे. जमिनीची मालकी अनेक कुटुंबांत वाटलेली असल्याने प्रत्येक टप्प्यावर जमीनमालकांची संमतीही मिळवावी लागते.